डावं पुढचं चाक

ओतूर, ता. ९ डिसेंबर २०२४

प्रिय कुंडलिक यास,
नथमलचा जय जिनेंद्र, आणि तुझ्या सोयीसाठी रामरामही. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या सूनबाईंनी, आरतीने, फोनवर सांगितलं. तीन महिने बसची पायरी चढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. चौतीस वर्षं एसटीच्या पोटाखाली उताणा पडून ब्रेक बांधणारा माणूस आता खाटेवर उताणा पडलाय, हे साळूवहिनींना कसं सोसवतंय ते त्यांनाच विचारायला हवं. तुझे कान गेल्यापासून फोनवर आपली मस्करी होत नाही. मोबाइलवरचे निरोप तू उघडत नाहीस. आरतीने वाचून दाखवावेत, तर मी काय काय लिहीन याचा तुला भरवसा नाही. म्हणून दहावीनंतर आज पहिल्यांदा तुला कागदावर लिहितोय. अक्षर अजून माझंच चांगलं आहे, बघून घे.

आता मुद्दा. हसू नकोस. मी गाडी घेतली. दुकानाचा टेम्पो नव्हे. दोनच माणसांची, दोन दारांची, निळी, जमिनीला पोट टेकल्यासारखी बसकी स्पोर्ट्स कार. वरचं कापडी छत बटण दाबलं की मागे दुमडतं. पुण्याच्या एका डॉक्टरांची होती. त्यांच्या पाठीच्या दुखण्यामुळे दोन वर्षं नुसती उभी होती. चाकांच्या आरांमधून आतले ब्रेकचे कॅलिपर दिसतात, ते त्यांनी लालभडक रंगवून घेतलेत. सत्तराव्या वर्षी भांड्यांच्या दुकानदाराने असली गाडी घ्यावी म्हणजे सगळा ओतूर बाजार दोन दिवस दुकानासमोर. आमचा मुलगा पीयूष तर चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पण कारण तुला सांगतो. फेब्रुवारीत गुलाबबाईला झटका आला तेव्हापासून तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ऐकते, समजते, पण शब्द ओठांपर्यंत येऊन फुटतो. नातीने, सिद्धीने, पाटी आणून दिली. डाव्या हाताने रेघोट्या ओढते आणि पाटी ढकलून देते. आठ महिने माझी बायको हसली नव्हती. ऑक्टोबरात पुण्याच्या दवाखान्याबाहेर ही गाडी उभी होती. मी सहज तिची खुर्ची तिकडे वळवली, तर डॉक्टरांनी आपणहून छत उघडून दाखवलं. गुलाबबाई हसली. खळखळून. मग मी दुसरा विचार केला नाही.

आता रोज सकाळी सात वाजता आम्ही दोघं पिंपळगाव जोगा धरणाकडे जाऊन येतो. ती पावणेसातलाच शाल घेऊन दारात बसलेली असते.

गुडघ्याला जप. साळूवहिनींना नमस्कार. तुझी शिवी ऐकून बरेच दिवस झाले, तीही पत्रातूनच पाठव.

तुझा,
नथमल

राजुरी, ता. १४ डिसेंबर २०२४

नथूशेठ यास,
कुंडलिकचा खाटेवरून रामराम. पत्र पोचलं, दोनदा वाचलं.

वहिनी हसल्या ते वाचून साळूनं देवाला साखर ठेवली. माझ्याकडून शिवी न्हाई, शाबासकी घे. गावाला काय बोलायचं ते बोलू दे. तू पोरवयात माझ्या सायकलवर मागं बसून हँडल मला दे म्हणायचास, त्या माणसानं अशी गाडी घ्यायला पन्नास वर्षं उशीर केला एवढंच.

पण राव, पत्रात एक गोष्ट वाचली आन माझी झोप उडाली. दोन वर्षं उभी व्हती म्हणतोस. मग मला सांग, ते लाल कॅलिपर कुणी उघडून बघितलेत का? का नुसता रंग बघितला?

तू भांडी विकतोस म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. कॅलिपर म्हंजे सांडशी. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरती. तू पायानं दाबलंस की तेलाच्या जोरानं पिस्टन पुढं येतो, सांडशी दोन्हीकडनं चकती आवळती, गाडी थांबती. पाय काढला की सांडशीनं मोकळं व्हायला पायजे. ती दोन पिनांवर पुढंमागं सरकती. त्या पिनांना ग्रीस लागतं, पिस्टनच्या कडेला रबर असतं. गाडी उभी राहिली की ग्रीस वाळतं, रबर कडक व्हतं, आत गंज धरतो. मग सांडशी आवळती ती सुटतच न्हाई. तू पाय काढलास तरी चाक धरून ठेवती. चकती तापती, तेल तापतं. तेलात वर्षानुवर्षं हवेतलं पाणी मुरलेलं असतं. ते उकळलं की पायाखालचा ब्रेक लोण्यावानी मऊ पडतो.

साध्या गाडीला हे चालतं का? तिलाही न्हाई. पण तुझी गाडी पळती जोरात, थांबती जोरात, तिच्या ब्रेकला उष्णता कितीतरी जास्त. म्हणून तिला दरवर्षी उघडून, धुऊन, पिना नव्या ग्रीसनं बसवून, दोन वर्षांनी तेल बदलून घ्यायला लागतं. आमी डेपोत ड्रमचे ब्रेक बांधायचो, पण रिटायर झाल्यावर आपल्या गोरखच्या आळेफाट्याच्या गॅरेजात मी हेच तर करत व्हतो. पोरगा माझ्यापेक्षा हुशार हाय त्यात. त्याच्याकडं गाडी घेऊन जा. चार दिवस लागतील.

तोवर एक कर. फिरून आलास की चाकाला हात लावू नको, नुसता हाताचा पाठचा भाग जवळ धर. चारी चाकांचा. एखादं जास्त तापलं आसंल तर मला कळव.

साळूचा वहिनींना नमस्कार. तुझ्यावर जीव हाय म्हणून लिहिलं, एरवी पाच ओळी लिहिल्या असत्या.

तुझा,
कुंडलिक

ओतूर, ता. २१ डिसेंबर २०२४

प्रिय कुंडलिक,
जय जिनेंद्र. तुझं पत्र म्हणजे डेपोतली नोटीस. टेबलावर ठेवलंय, येताजाता नजरेला पडतं.

तुझं म्हणणं मला पटलंय. पण चार दिवस गाडी नाही म्हणजे गुलाबबाई चार दिवस शाल घेऊन दारात बसणार, आणि मी तिला काय सांगू? मागच्या आठवड्यात पाहुण्यांमुळे एक दिवस जाता आलं नाही, तर संध्याकाळपर्यंत जेवली नाही. गोरखला मी संक्रांतीनंतरची तारीख दिली आहे. रागावू नकोस.

हात धरून पाहिला. डावं पुढचं चाक जरा जास्त गरम लागलं. त्या चाकावर काळी भुकटीही जास्त बसते. गाडी किंचित डावीकडे ओढते, पण आपल्या रस्त्यांवर कुठली गाडी सरळ जाते?

आता गोड बातमी. गुलाबबाईच्या तोंडून एक शब्द येऊ लागलाय. परतीच्या वाटेवर ती डावा हात आडवा आणून माझ्या गुडघ्यावर ठेवते आणि दाबते. बसल्या जागी एवढं वळायला तिला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे, म्हणून माझे डोळे भरून येतात. मग म्हणते, जळ, जळ. आमच्या मारवाडी बोलण्यात पाण्याला जळ म्हणतात, तिच्या माहेरी तोच शब्द होता. लहानपणीचे शब्द आधी परत येतात असं डॉक्टर म्हणालेच होते. मी लगेच गाडी बाजूला घेऊन बाटली पुढे करतो. ती पीत नाही, बाटली ढकलते, नाक मुरडते आणि पुन्हा हात दाबते. लहान मुलासारखे लाड चाललेत. मीही पुरवतो.

मंगळवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. तिला माळशेज दाखवणार. लग्न झालं त्या वर्षी एसटीच्या खिडकीतून बघितला होता. यंदा उघड्या छतातून बघेल. घाट थोडा उतरून बोगद्यापर्यंत जाऊ आणि परत फिरू.

तुझी माया अशीच राहू दे, धाक थोडा कमी चालेल.

तुझा,
नथमल

राजुरी, ता. २३ डिसेंबर, सोमवार

नथमल,
नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. हे पत्र टपालात टाकत न्हाई, पहाटेच्या दुधाच्या गाडीवर सावळेराम जातो त्याच्या हातात देणार हाय. तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. आरतीला तीनदा फोन लावाय लावला, तुझा उचलत न्हाई. पीयूषचा बंद लागतो.

माळशेजला जाऊ नको.

वहिनी पाणी मागत न्हाईत. त्या बसतात डाव्या अंगाला. तापतंय ते डावं पुढचं चाक. त्यांच्या पायापासून हातभर लांब. छत उघडं. जळका वास पहिला कुणाला येणार? तुला न्हाई, त्यांना. त्या जळ म्हणत न्हाईत रे. जळतंय म्हणतात. शब्द पुरा व्हत न्हाई त्यांचा. नाक मुरडतात ते लाडानं न्हाई. गुडघा दाबतात ते थांब म्हणून.

सपाटीला तू चार मैल जाऊन येतोस म्हणून आजवर निभावलं. घाटात उतरताना पाय ब्रेकवरच राहतो. तिथं तेल उकळंल.

आन जर हे पत्र उशिरा पोचलं, तर कधी ब्रेक मऊ लागला की घाबरून पाय सोडू नको. भराभर दाब, गिअर खाली आण, हँडब्रेक हळूहळू ओढ, आन दरीकडं न्हाई, डोंगराकडं घाल.

पण तू जाऊ नको.

कुंडलिक

ओतूर, ता. २६ डिसेंबर २०२४

कुंडलिक,
आम्ही दोघं सुखरूप आहोत. आधी हे वाच, मग पुढचं.

सावळेराम आठ वाजता पत्र घेऊन आला. आम्ही साडेसहालाच निघालो होतो. सोमवारी माझा फोन दुकानातच राहिला होता आणि पीयूष मालासाठी पुण्याला गेला होता.

वर घाटाच्या तोंडापर्यंत छान गेलो. ऊन नुकतं कड्यावर आलं होतं. गुलाबबाईने शाल डोक्यावरून काढून मांडीवर ठेवली. उतार लागला तसा तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला. जळ म्हणाली. मी एका हाताने बाटली दिली. तिने ती घेतली आणि रस्त्यावर भिरकावून दिली. मी रागावलो. खरं लिहितो, तिला म्हणालो की आजच्या दिवशी तरी नीट वाग. मग तिने डाव्या पंजाने समोरच्या फळीवर थापटायला सुरुवात केली. थाड थाड. मी तिच्याकडे बघितलं. कुंडलिक, तो चेहरा लाडाचा नव्हता. दहा महिने मी तो चेहरा बघतोय आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणली, कुठे थांबता येईल ते बघायला. म्हणून वेग कमी होता. तेवढ्यात वळणावर ब्रेक दाबला आणि पाय तळाला गेला. खाली काहीच नाही. तुझं पत्र मी वाचलेलं नव्हतं, पण टेम्पोवर तीस वर्षं काढलीत, पायाने आपलं काम केलं. हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. दगडाला घासत घासत थांबली. डाव्या चाकातून पांढरा धूर. मी तिला कसं उचललं, कुठून बळ आलं, आठवत नाही. रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. तिला खरचटलंही नव्हतं.

तिने चाकाकडे बोट केलं आणि पूर्ण शब्द म्हणाली. जळतंय.

मी तिथेच तिच्या पायाशी बसून रडलो. येणारी-जाणारी माणसं थांबली, कुणी पाणी दिलं, कुणी टेम्पो थांबवला. तिने डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चूक माझी आणि समजूत ती घालते.

घरी आल्यावर गल्ल्यावर तुझं पत्र होतं. मी अजून एकदाच वाचू शकलोय.

गाडी दोरीने ओढून आणलीय. माझ्या डोळ्यांसमोर नको वाटते. तू रागावला असशील. रागाव.

नथमल

राजुरी, ता. ७ जानेवारी २०२५

नथूशेठ यास,
रामराम. तुझ्या अंगणात गाडीचं काम उरकून गोरख आन मी घरी पोचलो नीट. गुडघा सुजला, डॉक्टर बोलले, साळू त्यांच्यापेक्षा जास्त बोलली. मला ऐकू येत न्हाई हे दोघंही इसरले. एसटीची पायरी चढू नको म्हणाले व्हते, गोरखच्या जीपची न्हाई, असं मी लिहून दाखवलं.

तू दोन्ही रविवारी अंगणात पाठ फिरवून बसला व्हतास. गाडी उघडलेली तुला बघवंना. म्हणून काय निघालं ते लिहितो, तुला ठाऊक असायला पायजे.

डाव्या कॅलिपरची खालची पीन हातोडीनं मारून काढावी लागली. डॉक्टरसायबांनी रंग मारणाऱ्याला दिलं, त्यानं रबराच्या टोप्या न काढताच वरून लाल रंग फवारला. रंग पिनेच्या कडेनं आत उतरून वाळला. वरनं लगीनघर, आत गंज. पिस्टन अर्धा बाहेर येऊन अडकलेला. चकतीला घासणारा आतला पॅड झिजून लोखंडाला लोखंड घासत व्हतं, बाहेरचा पॅड नव्यासारखा. चकती निळी पडली व्हती. तेल चहासारखं काळं. उजवा कॅलिपर त्यातल्या त्यात बरा, पण वर्षभरात त्याचंही तेच झालं असतं.

समदं गोरखनं सोडलं. पिस्टन काढून साफ केले, रबरं नवी, पिना नव्या, चकत्या आन पॅड दोन्ही बाजूंचे नवे, तेल नवं. तेलातली हवा काढताना ब्रेक दाबायचं काम सिद्धीनं केलं, चांगलं केलं. पोरीला या कामाची नजर हाय. मी लाल रंग खरवडून टाकला. उघडं लोखंड बरं, काय झालं ते दिसतं.

आता तुझ्याशी दोन शब्द. तू मला म्हणालास, मी तिचा जीव घेतला असता. पाटीवर लिहून दाखवलंस, मग पुसून टाकलंस. नथमल, मी डेपोत असताना दुसऱ्यांनी पास केलेल्या गाड्या परत उघडायचो, लोक हसायचे. कारण ब्रेकवालं माणूस वाईट नसतं, घाईत असतं. तू घाईत व्हतास ती बायकोला हसवायच्या. तेवढ्यासाठी मी तुला जन्मभर बोलणार हाय, पण मनातनं काढून टाकणार न्हाई.

एक गंमत सांगतो. गोरख चाक काढत व्हता तवा वहिनींनी सिद्धीला खूण करून खुर्ची जवळ घ्याय लावली. जुना पॅड हातात घेतला, नाकाजवळ नेला आन माझ्याकडं बघून मान हलवली. आपण काय सांगत व्हतो ते बाकीच्यांना आता कळलं का, असं बघितलं. मी हात जोडले.

वहिनींना रोज फिरव. हळू. आन दरवर्षी पावसाळा सरला की गाडी गोरखकडं. हे मी जिवंत असेपर्यंत तुला कळवणार, पुढचं गोरख बघंल.

तुझा,
कुंडलिक

ओतूर, ता. २२ जानेवारी २०२५

प्रिय कुंडलिक,
जय जिनेंद्र. गुडघ्याची सूज उतरली का, आरतीला कळवायला सांग.

गाडी आता तोलात चालते. पायाखाली ब्रेक कसा घट्ट लागतो. सोडला की चाक मोकळं. पंधरा दिवस झाले, आम्ही पुन्हा धरणाकडे जातो, वीसच्या वर काटा जाऊ देत नाही. मागची मोटारसायकल हॉर्न मारून पुढे जाते आणि पोरं आमच्याकडे बघून हसतात.

गुलाबबाईचा हात जरा हलला की मी गाडी कडेला घेतो. काय हवंय विचारतो आणि वाट बघतो. कधी दोन मिनिटं जातात. परवा असंच थांबलो तर तिला फक्त पाण्यावरचे पक्षी दाखवायचे होते. एका शब्दासाठी केवढी धडपडली. बगळे नव्हे, दुसरंच काही म्हणत होती, मला कळलं नाही. पण मी घाई केली नाही.

तरीही मी ठरवलंय, गाडी विकायची. तुला वाईट वाटेल, गोरखने एवढं केलं. पण वळण आलं की माझ्या पायाला घाम फुटतो. आपल्या हट्टापायी हे झालं हे मनातून जात नाही. पीयूषने मंचरचा एक माणूस बघितलाय, तो पुढच्या रविवारी येतोय. गुलाबबाईला मी सांगितलं, तर तिने पाटी मागितली आणि पदराखाली घेऊन बसली. चार दिवस झाले, कुणाला बघू देत नाही. समजून घेईल ती. नेहमीच घेत आली.

तुझ्या लोभाच्या आधारावर उभा असलेला,
नथमल

ओतूर, ता. १ फेब्रुवारी २०२५

ती. कुंडलिक आजोबांना,
सिद्धीचा साष्टांग नमस्कार.

सोबतचं पत्र आजीचं आहे. पाटीवर बारा दिवस गिरवून मग काल आणि आज मिळून तिने ते कागदावर उतरवलं. मी हात धरायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. एकही अक्षर माझं नाही. काही अक्षरं उलटी आहेत, पण वाचता येतं. उद्या रविवारी गाडी बघायला पाहुणे येणार आहेत. आजी म्हणाली की हे आधी तुम्हाला पाठवायचं आणि मगच आजोबांना दाखवायचं. म्हणजे म्हणाली नाही, दोन्ही नावं लिहून तुमच्या नावापुढे एकचा आकडा काढला. म्हणून हे पत्र गोरखकाकांच्या हातीच देते आहे. आजोबांना मी रात्रीच्या जेवणानंतर दाखवीन.

तुमची,
सिद्धी

कुंडलिक भाऊजी
नमस्कार

गाडी विकू नका म्हणा यांना

घरात सगळे चांगले
मी एक अक्षर बोलले की बाकी तेच बोलतात
पाणी का
औषध का
झोपायचं का
मी गप्प बसते

गाडीत हे थांबतात
मी बोलेपर्यंत थांबतात

गुलाब